बोल्गा टोपली घरी आली की या चुका टाळा

"टोपली चेपलेली आली, बदलून द्या." ही तक्रार ऐकून कान किटले. घानाच्या उत्तरेत बोल्गाटांगा आणि आसपासच्या गावांत विणलेल्या या गवती टोपल्या चेपूनच पाठवतात. फुगलेल्या पाठवल्या तर गिऱ्हाईक हवेचं भाडं भरेल.

तक्रार परवडली, पण कोरडी टोपली ताणू नका. या गवताची काडी उभी चिरून, पीळ देऊन विणलेली असते. कोरडी असताना ती घडीवर वाकत नाही, तुटते. एका गिऱ्हाइकाने पार्सल फोडलं आणि आतून गुडघा देऊन टोपली फुगवली. काठाजवळच्या पाच-सहा काड्या गेल्या. मग त्यावर झटपट चिकटणारा गोंद ओतला. पांढरे डाग पडलेच, शिवाय तेवढी वीण दगडासारखी कडक झाली आणि पुढच्या दाबाला शेजारच्या काड्याही तुटल्या. अशा टोपलीला इलाज नाही.

करायचं ते असं. बादलीत साधं पाणी घ्या, टोपली मुठीला धरून फक्त अंग अर्धा-एक मिनिट बुडवा, झटका, दहा मिनिटं थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. काडी मऊ पडली की आधी बूड, मग बाजू, शेवटी काठ, असं आतून वळलेल्या हाताने दाबत या. काठ अडला तर तिथे ओलं फडकं धरा. आत जुना टॉवेल कोंबून आकार धरू द्या, तासाभराने काढा, नाहीतर आतली बाजू ओलीच राहते. छापील कागद कोंबू नका, शाई लागते.

मुठीवरचं चामडं मात्र भिजवायचं नाही. त्याचा रंग सुटून खाली गवतावर उतरतो आणि तो डाग निघत नाही. म्हणून वाळवतानाही मूठ वर, टोपली सावलीत, पंख्याखाली.

गरम पाणी नको. गवत उकळत्या पाण्यात रंगवलेलं असतं, रंग पुन्हा सुटू शकतो. कडक उन्हात रोज ठेवली की रंग उडतो.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. उघड्यावर टांगा. चामड्यावर पांढरं आलंच तर कोरड्या फडक्याने पुसा, मग रंगहीन शू क्रीमचा पातळ हात द्या.

बाहेर आलेली काडीची टोकं ओढू नका, कात्रीने वीणेलगत कापा.