किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीला नवा रेडिएटर: निवडायचा कसा, बसवायचा कसा

आमच्या प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर एक थेंबही गळत नव्हता. तरी मे महिन्यात कोल्हापूरला जाताना, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि काही वळणांतच तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागच्या सीटवर आई होती, तिच्या पायाशी मावशीसाठी घेतलेली हापूसची पेटी. दोनच आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये हाच रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून, हवा भरून तपासून घेतला होता. बुडबुडा आला नाही म्हणून ‘एकदम ओके’ सांगून परत बसवून दिला होता.

किनाऱ्यावर जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांची इथेच फसगत होते. देशावरचा रेडिएटर बहुतेक वेळा आतून मरतो, क्षाराने नळ्या चोंदतात. आपल्याकडचा बाहेरून मरतो. खाऱ्या वाऱ्याने आधी नळ्यांमधली जाळी सडते. तांब्याची ती पत्री कागदासारखी पातळ असते आणि नळ्यांना नुसत्या सोल्डरने चिकटलेली असते. तो सांधा खारटाणाने खाल्ला की नळीतली उष्णता जाळीत उतरतच नाही. नळ्या शाबूत, गळती शून्य, पण पाणी थंड होत नाही. सपाट रस्त्यावर कळतही नाही, घाटात कळतं.

आधी खात्री करा, मग खर्च करा

गाडी तापते म्हणजे रेडिएटरच गेला असं नाही. सैल फॅन बेल्ट, झिजलेला वॉटर पंप, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), चुकलेलं इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ), यांतलं काहीही असू शकतं. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ झालं असेल किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) बघा. तिथे नवा रेडिएटर घालून काहीच साधणार नाही.

हे सगळं ठीक असेल तर थंड गाडीचं बॉनेट उघडा आणि जाळीवर अंगठ्याचं नख हलकेच दाबा. चांगली जाळी वाकते आणि तशीच राहते. सडलेली जाळी नखाखाली चुरते, बोटाला हिरवट भुकटी लागते. बहुधा खालचा भाग आधी जातो. तिथेच बघा. आमच्या गाडीत खालच्या कोपऱ्यात जाळी नावालाच उरली होती, नुसत्या नळ्या दिसत होत्या. समोर सुरूच्या झाडाच्या बारीक सळया आणि लाल मातीचा थर बसला होता, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नाही.

दुसरी चाचणी तापमानाची. गाडी पूर्ण तापवा, इंजिन बंद करून किल्ली काढा आणि तापमान मोजायच्या गनने जाळीवर वरपासून खालपर्यंत आडवं-उभं मोजा. आकडा वरून खाली सावकाश उतरत गेला पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात. यासाठी कारखान्यात वापरतात ती गन हवी, कपाळाचा ताप मोजायची चालत नाही, तिचा पल्ला फार लवकर संपतो.

तांबं की ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो, त्याच्या रुंद नळ्या उष्णता चांगली टाकतात आणि तो चकचकीत दिसतो. तरीही किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: वर-खालच्या मूळच्या पितळी टाक्या ठेवा आणि मध्ये तांब्याचा नवा कोर, म्हणजे नळ्या आणि जाळीचा भाग, घालून घ्या.

एक कारण दुरुस्तीचं. तांब्या-पितळेचा रेडिएटर राजापूर, कणकवलीतही सोल्डर करून मिळेल. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, आणि इतकी पातळ नळी जोडणारा हात प्रत्येक गावात नसतो. दुसरं, ॲल्युमिनियम लोखंडी ब्रॅकेटला टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. तिसरं म्हणजे टाक्या मूळच्याच राहिल्या तर होजची (रबरी पाइपांची) तोंडं, ब्रॅकेटची भोकं, पाणी सोडायची तोटी सगळं जागच्या जागी बसतं. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पद्मिनीचं त्याच्या कितीतरी आधी. बाजारात ‘पद्मिनीचा’ म्हणून मिळणारा प्रत्येक रेडिएटर तिच्यात सरळ बसेलच असं नाही. अँबॅसेडरमध्येही पेट्रोल, डिझेल आणि इसुझू इंजिनांचे रेडिएटर एकमेकांना चालतील असं धरून चालू नका.

कोर घालून घेताना कारागिराला तीन गोष्टी सांगा. नळ्यांच्या रांगा मूळच्या होत्या तेवढ्याच, फार तर एक जास्त. चार रांगांचा जाड कोर ऐकायला दणकट वाटतो, पण मागच्या रांगांना आधीच तापलेली हवा मिळते आणि जुन्या गाडीचा पंखा तेवढी हवा ओढू शकत नाही. जाळी फार दाट नको. दाट जाळीत मातीचा चिखल आणि सुरूच्या सळया अडकल्या की धुऊनही निघत नाहीत. आणि रंग पातळ, मॅट काळा, एकच हात. ऑइलपेंटचा जाड थर जाळीवर गोधडीसारखा बसतो आणि उष्णता आत कोंडतो.

टाक्या उघडल्या की कारागिराजवळ थांबून नळ्यांची टोकं स्वतः बघा. जुन्या कोरच्या तोंडाशी पांढरट, फुगलेला थर दिसतो. तो सोल्डर खाल्ल्याचा. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलं की असं होतं, आणि खाडीकाठची विहीर मचूळ असेल तर फार लवकर.

नवा किंवा दुसऱ्या गाडीचा रेडिएटर घेणारच असाल तर जुना हातात असतानाच मापं घ्या: जाळीची उंची, रुंदी, जाडी, दोन्ही होजच्या तोंडांचा बाहेरचा व्यास आणि त्यांचा कोन, ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर. पुठ्ठ्यावर जुना रेडिएटर ठेवून पेन्सिलने आकार काढा, भोकं पाडा आणि तो पुठ्ठा घेऊनच दुकानात जा. जाडी विशेष महत्त्वाची, कारण जाळी आणि पंखा यांच्यात २० ते २५ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं, ब्रेक मारला की पुढे येतं. अंतर कमी पडलं तर पंखा जाळीला लागलाच म्हणून समजा.

टोपीचा आकडा

रेडिएटरची टोपी ही छोटी वस्तू, पण हिच्यावर बरंच अवलंबून असतं. टोपीतल्या स्प्रिंगमुळे पाणी दाबाखाली राहतं आणि दर १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाबाला उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाहून थोडा जास्त वर जातो. म्हणजे ७ पीएसआयच्या टोपीने समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळतं. हे वाचून कोणी १५ची टोपी लावतो आणि जुन्या टाकीचा सांधा फाडून घेतो. गाडीच्या पुस्तकात किंवा मूळ टोपीवर जो आकडा असेल तोच घ्या. टोपी बसते त्या नरड्याची खोलीही जुळली पाहिजे, नाहीतर आतलं रबर बसतच नाही.

जुना काढताना

गाडी सपाट जागी, पूर्ण थंड. गरम रेडिएटरची टोपी कधीही उघडू नका. आतलं पाणी वाफ होऊन थेट तोंडावर येतं. बॅटरीची ऋण तार काढा.

खालची तोटी बहुतेक जाम असते. जोर लावून ती टाकीतून उखडू नका, सरळ खालचा होज काढून पाणी मोठ्या घमेल्यात घ्या. पाण्यात कूलंट (गंज अडवणारं द्रव) मिसळलेलं असेल तर घमेलं लगेच झाका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, अंगणातली मांजरं, कुत्री ते चाटतात. परसात ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच.

गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पद्मिनीला मिलिमीटरचे पाने चालतात, अँबॅसेडरच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाला इंचाचे लागतात. तिथे जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावला की बोल्टाचं डोकं गोल झालंच. होज टाकीच्या तोंडाला चिकटला असेल तर पिळू नका, ब्लेडने उभा चिरा. नवे होज घालायचेच आहेत. तोंड वाकवलं तर चांगली टाकी वाया जाईल.

रेडिएटर निघाला की लगेच नवा बसवायची घाई नको. आधी इंजिनाचं पोट, म्हणजे आतले पाण्याचे मार्ग, धुवा. थर्मोस्टॅट काढा, वरच्या तोंडात बागेचा पाइप धरा आणि खालच्या होजमधून पाणी उलटं बाहेर येऊ द्या. सुरुवातीला चहासारखं तांबडं येईल, मग गंजाच्या खपल्या. स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा, अर्धा तास लागला तरी. हा गाळ राहिला तर महिन्याभरात नव्या कोरमध्ये जाऊन बसतो.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाका, असा सल्ला किनाऱ्यावर सर्रास मिळतो. तो ऐकू नका. त्याच्याशिवाय इंजिन सपाट रस्त्यावर थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि सिलिंडर लवकर झिजतात. बीएमसी इंजिनांसाठी ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट असतात, आपल्या हवेला ७४ किंवा ८२ ठीक. बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा आणि तो उघडतो का बघा.

बसवताना

कोरच्या पंख्याकडच्या बाजूला पुठ्ठा लावा, म्हणजे आत सरकवताना पात्यांनी जाळी दबणार नाही. ब्रॅकेटखाली नवे रबर घाला. रेडिएटर लोखंडाला कडक आवळायचा नसतो. खड्ड्यातला प्रत्येक हादरा मग थेट सोल्डरला जातो. ॲल्युमिनियमचाच बसवत असाल तर बोल्टाभोवतीही नायलॉन किंवा रबरी वॉशर घाला.

होज आवळायच्या क्लिपांसाठी मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदराकडे ट्रॉलरचं सामान विकणारं दुकान गाठतो. होडीला चालेल ती क्लिप गाडीला चालतेच. पट्टी स्टेनलेस असते पण स्क्रू साधा लोखंडी, असंही मिळतं. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. स्क्रूला तो घट्ट चिकटला तर ती क्लिप नको, दोन पावसाळ्यांत गंजून फिरेनाशी होईल. होजखाली टाकीच्या तोंडाला जो उंचवटा असतो, त्याच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला क्लिप आली पाहिजे, उंचवट्यावर नाही.

वरच्या होजमध्ये, रेडिएटरच्या तोंडाशी, पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा पिशवीसारखा बसवा, कड होजखाली दाबून. इंजिनात उरलेला गाळ त्यात अडकतो. पहिले १०० किलोमीटर झाले की आठवणीने काढा, विसरलात तर तोच पाणी अडवेल.

पाणी भरताना

डिस्टिल्ड वॉटर आणि तांब्या-पितळेला चालणारं जुन्या पद्धतीचं, बहुधा हिरव्या रंगाचं कूलंट घ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका, डब्यावर तांबं, पितळ आणि सोल्डरचा उल्लेख शोधा. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, त्यामुळे एक भाग कूलंटला दोन भाग पाणी पुरतं, ते गंज अडवण्यासाठी. दर दोन वर्षांनी बदला. दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ मागाल तर ॲसिड नाही ना, हे डब्यावर वाचून घ्या.

गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर असेल तर त्याचा नळ उघडा आणि सावकाश भरा. मध्येमध्ये वरचा होज दाबत राहा, हवा गुळगुळत वर येते. टोपी उघडी ठेवूनच इंजिन चालू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. बराच वेळ तो कोमट राहील. मग अचानक, दहा-पंधरा सेकंदांत, हात ठेववणार नाही इतका तापेल. थर्मोस्टॅट उघडला. त्याच वेळी नरड्यातली पातळी खाली जाते, तेवढं भरा. ओव्हरफ्लोची बाटली नसेल तर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. तापलेलं पाणी फुगतं, जागा नसेल तर रस्त्यावर सांडतं.

टोपी लावून वीस मिनिटं जागेवर चालवा, सगळे सांधे बोटाने चाचपा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, पातळी बघा आणि क्लिपा पुन्हा आवळा. नवं रबर एका तापण्यात थोडं बसतं.

पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यानेच फिरवा, मग घाट. चढावर वरचा गिअर रेटत ठेवू नका, दुसऱ्यात इंजिन मोकळं फिरू द्या, पंखा आणि पंप दोन्ही वेगाने चालतात. काटा चढला पण उकळलेलं नसेल तर बाजूला घेऊन इंजिन थोड्या चढ्या आरपीएमवर चालू ठेवा. उकळलंच तर बंद करा आणि थांबा. तापलेल्या इंजिनावर झऱ्याचं गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

त्यानंतर फक्त धुणं. गुहागरसारख्या ठिकाणी किनाऱ्यालगत दोन दिवस गाडी उभी राहिली की घरी आल्यावर गोड्या पाण्याने जाळी धुवा. पाइपला कमी दाब, पंख्याकडून पुढच्या बाजूला, म्हणजे अडकलेलं आलं त्या वाटेनेच बाहेर पडतं. प्रेशर वॉशर वापरलात तर जाळी आडवी होईल. मी दर महिन्याला धुतो, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा समोरची ग्रिल काढून. तेव्हाच खालच्या कोपऱ्यात नख दाबून बघतो.