वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांवर लिहिताय? या चुका टाळा

या विषयावरचे निबंध इतके तपासलेत की आता पहिल्या ओळीतच पुढचं सगळं दिसतं. ‘दुसऱ्या महायुद्धात युरोप खिळखिळा झाला आणि त्याने वसाहतींना स्वातंत्र्य दिले.’ यातल्या ‘दिले’भोवती मी लाल गोल काढतो. हॉलंड स्वतः पाच वर्षं जर्मनांच्या टाचेखाली होतं. १९४५च्या मेमध्ये सुटका झाली, आणि १९४७ व १९४८ मध्ये त्याच हॉलंडने इंडोनेशियावर, म्हणजे आपल्याच वसाहतीवर, दोनदा सैन्य घातलं. नाव काय दिलं, तर ‘पोलिस कारवाई’! फ्रान्स ७ मे १९५४ला व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू इथे हरला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जीरियात उठाव झाला, तर तिथे १९६२पर्यंत लढत बसला. साम्राज्यं थकली होती हे खरंच, पण थकली म्हणून मूठ आपोआप सुटली नाही. ‘दिले’ लिहायचंच असेल तर पुढे ‘कुणी भाग पाडलं’ तेही लिहा. सुचत नसेल तर ते वाक्य खोडा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली, म्हणून तिच्यावर जास्त राग. एका प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न काढायचे होते. वेळ कमी, म्हणून एका तयार तक्त्यावरून तारखा उतरवल्या. ‘इंडोनेशिया स्वतंत्र कधी झाला?’ माझ्याकडचं उत्तर १९४९. एक मुलगी म्हणाली १९४५. मी ‘चूक’ म्हणून मोकळा झालो. तिने शांतपणे विचारलं, “सर, कुणाच्या हिशेबाने?”

घरी जाऊन नीट वाचलं. जपानने शरणागती जाहीर केल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ला, तिथले नेते सुकार्नो आणि हट्टा यांनी स्वातंत्र्य घोषित केलं होतं. डचांनी, म्हणजे हॉलंडने, सत्ता सोडली २७ डिसेंबर १९४९ला. म्हणजे मी डचांच्या दप्तरातली तारीख खरी धरून त्या मुलीचे गुण कापले होते. गुण परत दिले. बक्षीस मात्र तोवर वाटून झालं होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक देशापुढे दोन रकाने असतात: ‘जाहीर केलं’ आणि ‘मान्य झालं’. अमेरिका १७७६, १७८३. गिनी-बिसाऊ १९७३, १९७४. हैती १८०४, १८२५. हैतीला फ्रान्सने मान्यता दिली तीही १५ कोटी फ्रँकची भरपाई मागून. गुलामीतून सुटलेल्यांनी जुन्या मालकांचं नुकसान भरून द्यायचं! आयत्या तक्त्यात हे कुठून दिसणार?

घानाच्या दोन्ही रकान्यांत एकच तारीख आहे, ६ मार्च १९५७. ती पाहून लगेच ‘शांततेने मिळालं’ असं लिहू नका. २८ फेब्रुवारी १९४८ला तिथल्या राजधानीत, अक्रामध्ये, माजी सैनिक गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले होते. महायुद्धात ब्रिटिशांसाठीच लढलेली माणसं, हातात शस्त्र नाही, मागणी पेन्शनची. वाटेत पोलिसांनी अडवलं, गोळ्या झाडल्या, तिघे मेले. शहर पेटलं. पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेते एन्क्रुमा तुरुंगात गेले आणि १९५१ची निवडणूक तिथूनच जिंकले. आता हे ‘सशस्त्र’च्या खणात टाकणार की ‘अहिंसक’च्या? असे दोन खण आखून देश वाटायला बसलेला विद्यार्थी दिसला की मी त्याची पट्टी काढून घेतो.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. ‘गोरे विरुद्ध स्थानिक’ हे सूत्र लॅटिन अमेरिकेला लावू नका: तिथे स्पेनविरुद्ध लढलेला नेता बोलिव्हार स्वतःच स्पॅनिश वंशाच्या श्रीमंत घराण्यातला, आणि ब्राझीलचं स्वातंत्र्य १८२२ मध्ये जाहीर केलं ते पोर्तुगालच्या राजपुत्रानेच. १९६० मध्ये आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले म्हणून सतरा नावं एका वाक्यात कोंबू नका. आणि पोर्तुगालला विसरू नका. सगळेच विसरतात. त्याची आफ्रिकेतली वसाहत अंगोला १९६१पासून लढत होती, पण वाट मोकळी झाली ती १९७४ मध्ये, वसाहतींतल्या युद्धांना कंटाळलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी लिस्बनमधली राजवटच उलथवली तेव्हा.