सुट्टीतला ऑनलाइन लेखनवर्ग: निबंध विसरायला लावायची खटपट

मे महिन्यात मुलांचा लेखनवर्ग घ्यायचा विचार असेल, तर आधी एक सांगते. पहिल्या दिवशी विषय देऊ नका. मी दिला होता. २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले, तेव्हा हौसेनं वर्ग काढला आणि सवयीनं सांगून बसले, "माझी उन्हाळ्याची सुट्टी, पंधरा ओळी." बावीस वह्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. त्यातल्या एकोणीस वह्यांत पहिलं वाक्य थोड्याफार फरकानं तेच: "सुट्टी म्हटली की सर्वांनाच आनंद होतो." सुट्टीत घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, तरी सर्वांनाच आनंद! दोष मुलांचा नव्हता. कराडला सत्तावीस वर्षं मराठी शिकवताना असल्याच सुरुवातींना मी "छान" शेरा देत आले होते.

म्हणून माझा वर्ग म्हणजे लिहायला शिकवण्यापेक्षा निबंध विसरायला लावायची खटपट आहे. लहान मुलं, मोठी मुलं आणि मोठी माणसं, तिघांनाही तो विसरायचा असतो, पण प्रत्येकाची पद्धत निराळी. त्यामुळे तिघांचे वर्ग वेगळे ठेवा. भावंडं आहेत म्हणून आठ वर्षांची आणि पंधरा वर्षांचा एकत्र बसवू नका. मोठा गप्प होतो आणि धाकटी त्याची नक्कल करते.

वेळापत्रकाचं आधी उरकून घेऊ. एप्रिलचा शेवट परीक्षा आणि लग्नं यांत जातो. मेच्या उत्तरार्धात निम्मी मुलं मामाच्या गावी, आणि कोकणातलं गाव असलं तर रेंजसाठी गच्चीवर. त्यामुळे मेचे पहिले दोन आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, असे सहा तास धरा. अमेरिकेत, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलांच्या शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालतात, त्यांची तुकडी जुलैमध्ये घ्या. आपल्याकडे शनिवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ आणि दुबईत साडेपाच, दोघांची सोय होते. कॅलिफोर्नियात मात्र तेव्हा सकाळचे साडेसहा, तिथलं कुणी उठत नाही. त्यांच्यासाठी आपली रविवारची सकाळ नऊची वेळ बघा, तिकडे शनिवारची रात्र साडेआठची असते.

झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांची मर्यादा आहे. पैसे भरण्याआधी ती वापरून बघा, मला ती फार मानवली. दोन दुवे, म्हणजे लिंक, तयार करायचे. पहिल्या चाळीस मिनिटांत गप्पा आणि लिखाण, मग दहा मिनिटं सुट्टी, पाणी, पन्हं, आणि दुसऱ्या चाळीसमध्ये वाचन. दहा मुलं, प्रत्येकाला दोन मिनिटं वाचायला आणि एक मिनिट बाकीच्यांनी बोलायला, झाली तीस मिनिटं. अकरावं मूल घेतलंत की कुणाचं तरी राहतं, आणि ज्याचं राहतं ते पुढच्या तासाला येत नाही. शेजारणीचा नातू असला तरी दहा म्हणजे दहा.

वर्गाचा दुवा फक्त पालकांना पाठवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. आत घेण्याआधी थांबवून ठेवायची सोय चालू ठेवा, पडद्यावर मुलाचं फक्त पहिलं नाव असू द्या, मुलांचं आपसातलं खासगी चॅट बंद करा, चित्रीकरण करू नका. घरात मोठं माणूस हवं, पण मुलाच्या शेजारी नको. हे शेवटचं मी ठेच लागून शिकले. एक चिमुरडी लिहिता लिहिता सारखी लॅपटॉपच्या वर बघायची. मला वाटलं, विचार करतेय. मग माइक चालू राहिला आणि आईचा आवाज आला, "लिही, निसर्गाच्या कुशीत." मुलीनं विचारलं, "कुशी म्हणजे काय?" तेव्हापासून पालकांशी आधी दहा मिनिटं बोलते आणि सांगते, वर्गाच्या वेळात तुम्ही कुरडया घाला, पापड वाळवा, काहीही करा.

आता लिखाण. आठ ते अकराच्या मुलांना मी पहिल्या तासाला खिडकी उघडायला लावते. डोळे मिटायचे, दोन मिनिटं फक्त ऐकायचं, मग ऐकू आलेल्या आवाजांची यादी करायची. कुकरची शिट्टी, भंगारवाला, कुल्फीवाल्याची घंटा, वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन. यादीतला एक आवाज निवडून त्यावर पाच ओळी, पण वस्तूचं नाव न घेता. बाकीच्यांनी ओळखायचं. सोलापूरच्या एका मुलानं लिहिलं, "तो दिवसभर पाणी पितो आणि रात्रभर ढेकर देतो. बाबा त्याला लाथ मारतात तेव्हा गार पडतो." कूलर! नऊ जण एकदम ओरडले. त्यानं 'ढेकर'मधला 'ढे' चुकवला होता. मी काही बोलले नाही, आणि तुम्हीही पहिला आठवडा शुद्धलेखनाबद्दल अवाक्षर काढू नका. तीस वर्षांची सवय आहे, हात शिवशिवतो, पण आवरा.

दुसऱ्या तासाला स्वयंपाकघरातली एक वस्तू हातात घेऊन बसायचं. खलबत्ता, किसणी, पुरणयंत्र, जे सापडेल ते. परदेशातल्या मुलांचं कसं होणार याची मला काळजी होती. न्यू जर्सीच्या एका मुलानं चकलीचा सोऱ्या आणला. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीनं तो बॅगेतून नेला होता आणि विमानतळावर बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाला तिनं हवेत चकली पाडून दाखवली होती. मुलाला देवनागरी लिहिता येत नव्हती, बोलता उत्तम येत होतं. अशा मुलांना फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून बोलून टाइप करायला शिकवा. फोन मधेच काहीच्या बाही उमटवतो, मग आपलंच वाक्य दुरुस्त करायला ते मूल अक्षरं लावून वाचू लागतं. धड्यापेक्षा लवकर.

वाचायला काय द्यावं असं पालक विचारतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आधी ते संपवा म्हणावं.

तेरा ते सोळाची मुलं हे वेगळं प्रकरण. सकाळचा वर्ग ठेवलात तर झोपलेली पोरं मिळतील. रात्री साडेआठ ठीक. आठापेक्षा जास्त घेऊ नका. कॅमेरा बंद असेल तर बंद राहू द्या. वाचून दाखवायची सक्ती नको, ज्याला नको त्यानं फक्त मला पाठवावं. 'भावना व्यक्त करा' असं तर म्हणूच नका, सगळी पोरं मुकी होतात. मी त्यांना भांडण देते. दोन माणसं, एक चार्जर, दोघांच्या फोनमध्ये चार टक्के बॅटरी. फक्त संवाद लिहायचा, आणि 'राग' हा शब्द कुठंही यायचा नाही.

नागपूरच्या एका मुलानं सुरुवात केली, "मित्रा, तू काय करत आहेस?" मी म्हटलं, "तू मित्राला फोन लावतोस तेव्हा असं विचारतोस?" तो थोडा वेळ गप्प. मग हळूच, "नाही मॅडम. काय करून राहिला बे, असं." आठही जण हसले, दोघांचे कॅमेरे चालू झाले. पुढचं सगळं भांडण त्यानं नागपुरी ढंगात लिहिलं आणि ते वाचताना त्याचा आवाजच बदलला. पुढच्या तासाला मालवणची मुलगी मालवणीत लिहून आली. वर्गात प्रमाणभाषा हवीच असा आग्रह असेल तर ती निवेदनाला ठेवा, माणसांच्या तोंडातून काढून घेऊ नका.

मोठ्यांचा वर्ग रात्री नऊ वाजता, जेवणं उरकल्यावर, शनिवार-रविवार. बारा जण चालतात, ते वेळ पाळतात. त्यांची अडचण कौतुक. एकानं काही वाचलं की "अप्रतिम", "निःशब्द", "दंडवत घ्या". म्हणून पहिल्या दिवशीच नियम सांगते: विशेषणं बंद, तुम्हाला काय दिसलं तेवढंच सांगा. दिसलं नसेल तर प्रश्न विचारा. वह्या तपासताना मीही तेच करते. दिसलेल्या एका ओळीखाली रेघ आणि शेवटी एक प्रश्न. बाकी लाल शाई नाही. आणि वर्गाच्या ग्रुपवर सुप्रभात टाकणाऱ्याला प्रेमानं फोन करते.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका वर्गात होते. नातवासाठी लिहायचं होतं. पहिलं वाक्य आणलं, "एसटी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे." मी रेघ मारली नाही, फक्त विचारलं, "काका, मुक्कामाच्या गाडीवर रात्री झोपायचात कुठं?" म्हणाले, "गाडीतच. मागच्या लांब सीटवर." "आणि पैशांची पिशवी?" "उशाला. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन." मग स्वतःहूनच सांगत सुटले. गावातलं कोण भाकरी आणून द्यायचं, पहाटे पहिली बाई दुधाची किटली घेऊन काचेवर टकटक करायची, ती टकटक म्हणजेच गजर. मी म्हटलं, आत्ता बोललात तसंच लिहा, एसटी कशाची वाहिनी आहे ते राहू द्या. दोन पानं आली. बाराच्या बारा जण गप्प होते, "अप्रतिम" म्हणायची कुणाला आठवण राहिली नाही.

मोठ्यांच्या वर्गात वारलेल्या माणसांच्या आठवणी हमखास येतात. वाचताना कुणाला रडू आलं तर घाईनं पुढच्याला वाचायला सांगू नका, सल्लाही देऊ नका. माझा माइक बंद करून मी थांबते. ते स्वतःच "हं, वाचतो" म्हणतात.

फी घ्या. फुकट ठेवला त्या वर्षी पंचवीस नावं आली, तिसऱ्या तासाला सात माणसं. पाचशे रुपये ठेवले तेव्हापासून गळती थांबली, आणि ज्याला जमत नाही तो फोन करून तसं सांगतो, त्याचं आपण बघतो.

शेवटच्या तासाला प्रमाणपत्र देऊ नका, आया ते स्टेटसला ठेवतात आणि वही कपाटात जाते. प्रत्येकाचं एक पान घेऊन पीडीएफ करा. तिन्ही वर्गांचं एकत्रच, मुलांनी मोठ्यांचं वाचावं आणि मोठ्यांनी मुलांचं. मग झेरॉक्सच्या दुकानात दोन-चार प्रती काढून स्पायरल बांधून घ्या, घरातल्या म्हाताऱ्यांना फोनवर वाचता येत नाही. अक्षराचा आकार सोळाच्या खाली नको. गेल्या वर्षी मी बाराचं ठेवलं आणि कंडक्टर काकांनी प्रत परत पाठवली.