‘दुरावा’ लिहिताना या चुका टाळा

पुण्याच्या आतेबहिणीला मी एकदा पत्रात लिहिले होते, ‘ताई, आपल्या दोघींत आता बरेच अंतर आले आहे.’ तिच्या निवृत्तीनंतर तिचा दिवस निवांत झाला आणि माझा अजून शाळेच्या घंटेवरच चालतो, एवढेच मला सांगायचे होते. चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज उतरलेला होता. ‘काय गं, माझं काही चुकलं का?’ एवढेच तिने विचारले, आणि मी कोणता शब्द कोणत्या भाषेतून उचलला होता ते तेव्हा माझ्या लक्षात आले.

हिंदीत ‘अंतर’ म्हणजे मुख्यतः फरक, तर मराठीत ते दोन ठिकाणांमधले किंवा दोन मनांमधले. इंदूरच्या मराठी घरात दोन्ही अर्थ एकाच तोंडात नांदतात, त्यामुळे बोलताना काही बिघडत नाही; पत्र नर्मदेपलीकडे गेले की बिघडते. फरक सांगायचा असेल तर ‘फरक’ किंवा ‘तफावत’ लिहावे. ‘अंतर देणे’ हा वाक्प्रचार तर आणखी जपून वापरावा, कारण त्याचा अर्थ आपल्या माणसाला ऐन वेळी सोडून देणे असा होतो.

१८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तेव्हापासून इथली मराठी हिंदी आणि माळवी यांच्या शेजाराने वाढली, म्हणून ही सरमिसळ मी दोष मानत नाही. पण ज्या शब्दाने माणसे दुखावतात, त्याची सीमा माहीत असावी. ‘दुरावा’ हा तसाच शब्द आहे. पूर्वी जवळीक होती आणि आता ती उरली नाही, ही गोष्ट त्यात गृहीतच असते. ज्याच्याशी कधी ओळखच नव्हती, त्याच्याशी दुरावा येत नाही. तिथे फार तर ‘परकेपणा’ असतो.

इथे सर्वांत फसवा ठरतो तो हिंदीतला ‘दुराव’. त्याचा अर्थ लपवाछपवी. ‘हमारे बीच कोई दुराव नहीं’ म्हणजे आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही. हेच वाक्य कोणी ‘आमच्यात दुरावा नाही’ असे मराठीत आणले, तर वाचणाऱ्याला वाटते की भांडणाची काही वार्ता असावी आणि ही मंडळी तिचा खुलासा करीत आहेत. मूळ आशय ‘आमच्यात आडपडदा नाही’ या शब्दांत नेमका उतरतो. याउलट ‘त्यांच्यात दूरी आली’ असे सरळ हिंदी शब्दाने लिहिले, तर महाराष्ट्रातल्या वाचकाला आधी पत्त्यांतली दुर्री आठवण्याची शक्यता अधिक.

‘दूरियाँ बढ़ गईं’ यावरून ‘दुरावे वाढले’ असे अनेकवचनही आमच्याकडे सर्रास केले जाते. मराठीत दोन माणसांतला दुरावा कितीही वाढला तरी तो एकच राहतो. तो येतो, निर्माण होतो, वाढतो, मिटतो. तो ‘बनवून ठेवता’ येत नाही. मुद्दाम ठेवले जाते ते अंतर. २०२०च्या साथीत आमच्या इमारतीच्या जिन्यात ‘दो गज दूरी’चे मराठी म्हणून कोणीतरी ‘सर्वांनी दोन हातांचा दुरावा ठेवावा’ अशी सूचना चिकटवली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘आधीच आहे.’

रस्त्याच्या मोजमापाला हा शब्द चालत नाही. इंदूर ते उज्जैन सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर असते, दुरावा नसतो. मात्र नोकरीसाठी नवरा बेंगळुरूला आणि बायको इथे असेल, तर ‘दोन वर्षांचा दुरावा’ हे बरोबर आहे, कारण तिथे मोजले जाते ते सोसलेले वेगळेपण. अशा वेळी मने दुरावलेली नाहीत हे संदर्भातून स्पष्ट करावे, नाहीतर नातेवाईक नको तो तर्क करतात.

शेजारचे शब्दही सरसकट वापरू नयेत. ‘अबोला’ धरला जातो आणि तो संध्याकाळपर्यंत सुटूही शकतो. ‘वितुष्ट’ आले की त्यात वैर मिसळते. ‘अलिप्तता’ माणूस स्वतः निवडतो. ‘दुजाभाव’ म्हणजे तर आपला-परका असा भेद करणे, त्याचा इथे संबंधच नाही. दुराव्यात राग असेलच असे नाही. कित्येकदा नुसते जाणे-येणे कमी झालेले असते आणि दोघांपैकी कोणालाही कारण सांगता येत नाही.

क्रियापदातही गल्लत होते. ‘मी त्याला दुरावले’ असे म्हणून काहींना ‘मी त्याला दूर लोटले’ असे सांगायचे असते. आजच्या लेखनात ‘दुरावणे’ हे क्रियापद बहुधा अकर्मक असते, त्यामुळे या वाक्याचा अर्थ उलटा लागतो, की मीच त्याच्यापासून दूर गेले. ‘मी त्याला दुखावले, म्हणून तो दुरावला’ हे वाक्य पाठ ठेवले की दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी बसतात.

शेवटी शुद्धलेखन. ‘दूर’ मधला ऊकार दीर्घ असतो, पण ‘दुरावा’, ‘दुरावणे’, ‘दुरून’ यांत तो ऱ्हस्व होतो. सामान्यरूप ‘दुराव्या-’ असे होते, म्हणून ‘दुराव्यामुळे’ लिहावे, ‘दुरावामुळे’ नाही. आणि ‘दुरावा’ हाताशी बसला म्हणून ‘दुरावस्था’ लिहू नये. तो शब्द दुर् आणि अवस्था मिळून ‘दुरवस्था’ असा होतो आणि त्याचा दूर असण्याशी काही संबंध नाही.