वर्ल्ड असेंब्लीत कायदा कसा करावा, आणि जुना कायदा कसा रद्द करावा

नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात स्वतःचं राष्ट्र काढणं सोपं आहे. नाव द्यायचं, झेंडा निवडायचा, समोर येणारे प्रश्न सोडवत राहायचं. बरेच जण तिथेच थांबतात आणि मला त्याची हळहळ वाटते, कारण या खेळातली सगळ्यात कसदार जागा त्याच्या पुढे आहे. ती म्हणजे वर्ल्ड असेंब्ली. जगभरातल्या खेळाडूंची काल्पनिक राष्ट्रं तिथे एकत्र बसून कायदे करतात आणि मंजूर झालेला ठराव प्रत्येक सदस्य राष्ट्रावर बंधनकारक होतो. ठराव पास झाला की तुमच्या राष्ट्राची आकडेवारीसुद्धा आपोआप बदलते, तुम्ही विरोधात मत दिलेलं असलं तरी.

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांमधून अभिरूप संयुक्त राष्ट्रांच्या (मॉडेल यूएन) स्पर्धा करणारी मुलं मला भेटतात. भाषणं ती उत्तम करतात. पण भाषण संपल्यावर जो कागद उरतो, तो कायदा म्हणून टिकेल का, हे तपासायची सवय फार थोड्यांना असते. ती सवय लागायला वर्ल्ड असेंब्लीसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. माझा आग्रह थोडा उलटा वाटेल: आधी एखादा जुना ठराव रद्द करायला घ्या, नवा कायदा त्यानंतर लिहा.

थोडी पार्श्वभूमी. हा खेळ नोव्हेंबर 2002 मध्ये सुरू झाला. तेव्हा या सभेचं नाव सरळ 'युनायटेड नेशन्स' होतं. खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून त्या नावाला हरकत आली आणि 2008 मध्ये वर्ल्ड असेंब्ली हे नाव आलं. ठरावांची मोजणीही नव्याने एकपासून सुरू झाली. आज सभेची दोन अंगं आहेत. सिक्युरिटी कौन्सिल राष्ट्रांचा आणि प्रदेशांचा (म्हणजे राष्ट्रांच्या गटांचा) गौरव किंवा निषेध करण्यासारखी कामं करते. कायदे करते ती जनरल असेंब्ली. इथून पुढे तिच्याबद्दलच बोलू.

आधी सदस्य व्हा

तुमच्याकडे राष्ट्रं दहा असली तरी सभेत एकच राष्ट्र घेऊन जाता येतं. हा नियम मोडणाऱ्याला बाहेर काढतात, तेव्हा भावाच्या नावावर दुसरं खातं उघडण्याच्या फंदात पडू नका. ठराव दाखल करायला तुमच्या राष्ट्राला किमान दोन सदस्य राष्ट्रांचं एंडोर्समेंट, म्हणजे जाहीर पाठिंबा, लागतं. ही राष्ट्रं तुमच्याच प्रदेशातली हवीत. वर्गातले किंवा सोसायटीतले दोन-तीन मित्र एकाच प्रदेशात आले की हे काम होऊन जातं.

मग वाचा, भरपूर वाचा

मंजूर ठरावांची यादी उघडा आणि ज्या विषयावर लिहायचंय त्यावरचे सगळे ठराव वाचून काढा. याला पर्याय नाही. जे आधीच कायद्यात आहे तेच पुन्हा मांडलं तर ठराव बेकायदेशीर ठरतो, आणि अमलात असलेल्या ठरावाला छेद देणारं लिहिलं तरीही. यादीत काही नावांवर रेघ मारलेली दिसेल. ते रद्द झालेले ठराव. तेही वाचा, एखादा कायदा कशामुळे पडला हे तिथे शिकायला मिळतं.

वाचताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. या सभेत दुरुस्ती नावाचा प्रकारच नाही. आपल्या संसदेत कायद्यातला एक शब्द बदलायलाही दुरुस्ती विधेयक आणता येतं. इथे मंजूर ठरावातला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही. चूक सापडली तर अख्खा ठराव रद्द करायचा आणि नवा आणायचा, एवढाच रस्ता. शब्दांची एवढी काळजी घ्यायची ती त्यासाठी.

एक कायदा लिहून पाहू

उदाहरणासाठी मी एक ठराव रचतो. सभेच्या यादीत तो शोधू नका, तो तिथे नाही. विषय आपल्या दारातला घेऊ: ऐरोलीपासून पसरलेली ठाण्याची खाडी, तिथली खारफुटी, हिवाळ्यात उतरणारे फ्लेमिंगो. 2015 मध्ये हे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे रक्षण सगळ्या राष्ट्रांत व्हावं असं वाटणं साहजिक आहे.

पण मसुद्यात ठाणे, फ्लेमिंगो अभयारण्य, रामसर यातलं एकही नाव घालता येणार नाही. खऱ्या जगातल्या जागांचा, माणसांचा, करारांचा उल्लेख इथे चालत नाही, कारण सभेतली राष्ट्रं ज्या जगात आहेत तिथे ठाणे नाही. म्हणून अनुभव आपला घ्यायचा आणि शब्द सर्वसाधारण ठेवायचे. मी मसुदा नेहमी आधी मराठीत लिहितो आणि मग इंग्रजीत नेतो. आपण नेमकं काय म्हणतोय हे त्यामुळे लवकर उघडं पडतं. तर कलम असं:

'भरतीचे पाणी ज्या पाणथळ जागेपर्यंत पोहोचते, तेथे सदस्य राष्ट्रांनी कोणतेही बांधकाम करू नये अथवा असलेल्या बांधकामात कोणताही फेरफार करू नये.'

वाचायला ठाम वाटतं. घोषणा म्हणून टाळ्याही मिळतील. आमच्या शेजारच्या काकांच्या घरची गोठिवलीकडे पूर्वी खाजणातली भातशेती होती. त्यांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग उघाडीची फळी मोडली, तर ती बसवायची का नाय?"

उघाडी म्हणजे खारबांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. नवी मुंबई वसवताना सिडकोने जे धारण तलाव केले, ते याच तत्त्वावर चालतात. शहराचे काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी या तलावांत थांबतं आणि ओहोटी लागली की दारांतून खाडीत जातं. माझ्या कलमाप्रमाणे या दारांची दुरुस्ती म्हणजे 'असलेल्या बांधकामात फेरफार'. म्हणजे तीसुद्धा बंद. कोळ्यांचा धक्का खचला तर तोही तसाच सोडायचा. 'कोणतेही' आणि 'कोणताही' या दोन शब्दांमुळे चांगल्या हेतूच्या कायद्याने गावं पाण्यात घालण्याची सोय केली.

कायदा लिहिताना माझी पद्धत यातूनच ठरली आहे. प्रत्येक कलम अशा माणसाला वाचून दाखवायचं, ज्याचं पोट त्या विषयावर चालतं. त्याला खेळ माहीत असायची गरज नाही.

बाकी तांत्रिक बाबी थोडक्यात. ठरावाला एक वर्ग निवडावा लागतो, जसं मानवाधिकार किंवा पर्यावरण, आणि मजकूर त्या वर्गाला साजेसा हवा. सदस्य राष्ट्रांना 'हवं तर पाळा' असं लिहून सूट देता येत नाही. दुसऱ्या ठरावाच्या आधारावर आपलं कलम उभं करू नका. उद्या तो रद्द झाला की तुमचंही कोसळेल, आणि म्हणून नियमातच त्याला मनाई आहे. ठराव नियमात बसतो का हे अनुभवी खेळाडूंचं एक मंडळ पाहतं. त्याला जनरल असेंब्ली सेक्रेटेरियट म्हणतात.

आता तोच कायदा रद्द करू

समजा, माझा तो सदोष ठराव मंजूर झाला. तुम्हाला तो रद्द करायचा आहे. कामाला लागा.

रद्दीकरणाचा ठराव म्हणजे निव्वळ युक्तिवाद असतो. त्यात नवा कायदा घुसडता येत नाही. 'हा ठराव रद्द करावा आणि दुरुस्तीची कामं सोडून बाकी बांधकामावर बंदी असावी' असं लिहिलंत तर पुढचा अर्धा भाग तुमचा ठराव बाद करेल. जुना कायदा का जावा एवढंच सांगायचं.

आणि ते सांगताना जुन्या ठरावात जे लिहिलंय त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. इथे सगळ्यात जास्त जण अडखळतात. 'हा ठराव मासेमारीवर बंदी घालतो' असं वाक्य जोरदार आहे, पण माझ्या कलमात मासेमारीचा शब्दही नाही. असं वाक्य सापडलं की अख्खं रद्दीकरण बेकायदेशीर ठरू शकतं. थोडी अतिशयोक्ती खपवून घेतली जाते. मूळ मजकुराबद्दल चुकीचं विधान मात्र खपत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'कलम 1 मधील "कोणताही फेरफार" या शब्दांमुळे पूरनियंत्रणाच्या दरवाजांची देखभालही निषिद्ध ठरते. परिणामी किनाऱ्यावरील वस्त्या आणि ज्या पाणथळ जागांचे रक्षण हा ठराव करू पाहतो त्या जागा, दोन्ही धोक्यात येतात.'

यात तीन गोष्टी झाल्या. कलमाचा क्रमांक आला, त्यातले मूळ शब्द आले आणि त्या शब्दांचा परिणाम आला. शिवाय ठरावाच्या स्वतःच्याच हेतूला तो कसा मारक आहे हे दाखवलं. निसर्गप्रेमी राष्ट्रंसुद्धा अशा रद्दीकरणाला मत देतात, कारण तुम्ही त्यांच्या भावनेवर हल्ला केलेला नसतो.

'आमच्या राष्ट्राने काय करावं हे सांगणारे तुम्ही कोण?' हा युक्तिवाद सगळ्यांना आवडतो. पण निव्वळ सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर केलेलं रद्दीकरण नियमात बसत नाही. तो मुद्दा इतर मुद्द्यांच्या जोडीला येऊ शकतो, एकटा नाही. मला हा नियम फार योग्य वाटतो. तो नसता तर प्रत्येक कायद्याविरुद्ध तोच एक परिच्छेद चिकटवून लोक मोकळे झाले असते आणि कायदा वाचायची तसदी कुणी घेतली नसती.

खऱ्या जगाशी तुलना करून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 10 नोव्हेंबर 1975 रोजी ठराव 3379 करून झायोनिझमला (ज्यू राष्ट्रवादाला) वंशवादाचं एक रूप ठरवलं. 16 डिसेंबर 1991 रोजी ठराव 46/86 ने ते विधान मागे घेतलं गेलं. त्या ठरावाचा मजकूर जेमतेम एका वाक्याचा आहे. कारणं त्यात दिलेलीच नाहीत. तिथे राजनैतिक गणितं आधीच जुळलेली होती, म्हणून एका वाक्यात भागलं. काल्पनिक सभेत ही सवलत नाही. इथे कारणं लिहावी लागतात आणि ती अनोळखी माणसाला पटावी लागतात. वाचनाचं आणि लेखनाचं शिक्षण म्हणून मला खेळातलीच पद्धत जास्त मोलाची वाटते.

पाठिंबा गोळा करणे

मसुदा तयार झाला की लगेच दाखल करू नका. अनुभवी खेळाडूंना दाखवा, त्यांना तो फाडू द्या, काही आठवडे जाऊ द्या. घाईने टाकलेले मसुदे पटकन ओळखू येतात.

दाखल केल्यावर प्रादेशिक डेलिगेटांपैकी, म्हणजे आपापल्या प्रदेशात सर्वाधिक एंडोर्समेंट मिळवलेल्या सदस्यांपैकी, 6 टक्के जणांची मंजुरी ठराविक मुदतीत मिळवावी लागते. मिळाली नाही तर ठराव यादीतून गळतो, आणि तुम्ही तो पुन्हा दाखल करू शकता. मंजुरी आपोआप येत नाही. डेलिगेटांना टेलिग्राम, म्हणजे खेळातले निरोप, पाठवावे लागतात. टेलिग्राम छोटा ठेवा: कोणता ठराव, त्यातलं कोणतं कलम, त्याने काय बिघडतं. रद्दीकरणाचा पूर्ण मजकूर त्यात डकवलात तर कुणी वाचणार नाही.

मतदान चार दिवस चालतं आणि साध्या बहुमताने निकाल लागतो. पण सगळी मतं सारख्या वजनाची नसतात. साध्या सदस्याचं एक मत. डेलिगेटचं स्वतःचं एक, अधिक त्याला जितकी एंडोर्समेंट असतील तितकी. मोठ्या प्रदेशाचा डेलिगेट पहिल्याच दिवशी विरोधात गेला तर आकडा असा झुकतो की मागाहून येणारे बरेच जण जिंकणाऱ्या बाजूला मत टाकून जातात. म्हणून मोठ्या प्रदेशांच्या डेलिगेटांशी मतदान सुरू होण्याच्या आधीच बोलून घ्या. त्यांच्या शंका मसुदा बदलता येतो तेव्हाच कळायला हव्यात. दाखल झाल्यावर काही बदलता येत नाही.

रद्द झाल्यावर

रद्दीकरण मंजूर झालं की जुन्या ठरावाच्या नावावर रेघ येते आणि तुमच्या ठरावाला स्वतःचा नवा क्रमांक मिळतो. हे रद्दीकरण पुन्हा रद्द करून जुना कायदा जिवंत करता येत नाही. कुणाला तो परत हवा असेल तर नवा ठराव म्हणून आणावा लागतो. आपल्याकडे 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्येही हाच विचार आहे: रद्द करणारा कायदा पुढे रद्द झाला म्हणून मूळ कायदा आपोआप उठून बसत नाही, तसं स्पष्ट लिहावं लागतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना इथे ओळखीची जमीन सापडेल.

जुना ठराव अमलात असेपर्यंत पर्यायी ठराव दाखल करता येत नाही, कारण तो जुन्याची पुनरावृत्ती किंवा त्याला विरोध ठरतो. पण लिहून मात्र ठेवा, आणि रद्दीकरणाच्या प्रचारात तो सगळ्यांना दाखवा. मतदारांना सगळ्यात मोठी भीती असते ती मधल्या पोकळीची, की हा गेला आणि दुसरा आलाच नाही तर? आपल्या उदाहरणात पर्यायी कलम असं होईल:

'भरतीचे पाणी ज्या पाणथळ जागेपर्यंत पोहोचते, तेथे सदस्य राष्ट्रांनी नवीन बांधकामास परवानगी देऊ नये; मात्र पूरनियंत्रण, जीवितरक्षण आणि पारंपरिक मासेमारी यांसाठीच्या विद्यमान बांधकामांची देखभाल व दुरुस्ती, त्यांचे क्षेत्रफळ न वाढवता, करता येईल.'

हे कलम मी पुन्हा काकांना वाचून दाखवलं. 'क्षेत्रफळ न वाढवता' यावर ते अडले. बांध दरवर्षी खचतो, म्हणाले, तो पायाशी रुंद केल्याशिवाय उभा राहत नाही. तेव्हा तो शब्दही बदलायचा आहे. 'दुरुस्तीसाठी आवश्यक तेवढी वाढ सोडून' असं सध्या लिहिलंय. तुम्हाला याहून घट्ट शब्दरचना सुचत असेल तर आपल्या मसुद्यात ती जरूर वापरा.