‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणण्याआधी

नाशिकला अंबडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी सपोर्टला लागले आणि पहिल्याच महिन्यात बोलणी खाल्ली. खायलाच हवी होती. कृषी सेवा केंद्रांसाठीच्या बिलिंग सॉफ्टवेअरची ३० दिवसांची ट्रायल सेल्सवाल्यांनी ऑगस्टअखेर कबूल केली होती. गणपती गेले, पितृपक्ष लागला, तरी सेटअप फाइलचा पत्ता नाही.

पिंपळगाव बसवंतचे एक दुकानदार रोज साडेदहाला फोन करायचे. “ताई, ऑक्टोबर छाटणी झाली की काउंटरला उभं राहायला जागा नसते. तेव्हा गिऱ्हाईक बघू का तुमचं सॉफ्टवेअर?” बरोबरच होतं. द्राक्षबागेच्या छाटणीनंतर डाऊनीच्या, म्हणजे बुरशीच्या रोगाच्या, फवारण्या सुरू होतात. बाटलीबाटलीचा बॅच नंबर आणि एक्सपायरी बिलावर घ्यायची, त्यात बराच माल द्राक्षं विकेपर्यंत उधारीवर. हात बसवायचे मोकळे दिवस त्यांचे निघून चालले होते.

आणि मी? “टेक्निकल इश्यू आहे, पुढच्या आठवड्यात देतो.” तीन आठवडे हेच.

खरं कारण डेव्हलपरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले तेव्हा कळलं. टेस्टरनं कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागे नेली, अन् संपलेली ट्रायल पुन्हा ३० दिवस दाखवायला लागली. तो घोळ सुटेपर्यंत फाइल बाहेर जाणार नव्हती. एवढं तर कुणालाही समजेल, मग लपवायचं कशाला? दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. पलीकडे जरा शांतता. मग, “हे आधी बोलला असता तर मी रोज फोन केला असता का?”

नवीन लागला असाल तर डेव्हलपरनं दिल्याशिवाय तारीख देऊ नका. त्यानं दिली तरी विचारा, टेस्टिंग धरून का? (हमखास धरलेलं नसतं.) गिऱ्हाइकाला पुढच्या फोनचा वार आणि वेळ सांगा, तेवढं तुमच्या हातात असतं. सांगण्यासारखं काही नसलं तरी त्या वेळी फोन कराच. मधल्या काळात मालाची यादी एक्सेलमध्ये मागवून घ्या. मी मागवली, तर एकच औषध तीन स्पेलिंगनी निघालं. अर्धा दिवस त्यातच गेला.

पिंपळगावच्या दुकानदारांनी तो सीझन वहीवरच काढला. १ एप्रिलला नव्या वर्षाची शिल्लक घालून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन: “ताई, बिल निघालं. पण दुकानाच्या नावात ‘कृषी’चं ‘क्रुशी’ झालंय.”