मोटरहोमच्या पुढच्या भागाला ग्रीस मारण्याआधी

पंप मारायला अर्धा तास पुरतो, पण त्याआधी अख्खी सकाळ जाते हे धरूनच चला. आमची मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, फोर्डच्या एफ-५३ चासीवरची (गाडीचा खालचा सांगाडा) आणि राहायला मिशिगन. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे मे महिन्यात खाली वाकून बघितलं की गंज ठरलेला. म्हणून आदल्या संध्याकाळीच प्रत्येक निप्पलवर, म्हणजे ग्रीस आत भरायच्या छोट्या तोंडावर, गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा.

निप्पलला इकडे ‘झर्क’ म्हणतात, ऑस्कर झर्क या संशोधकाच्या नावावरून. दुकानात पाव इंच, इंचाला २८ आटे असलेले झर्क मागा आणि पाच-सहा जास्तीचे घ्या. सरळ आणि वाकडे, दोन्ही. ग्रीसच्या डब्यावर ‘एनएलजीआय २’ (ग्रीसचा घट्टपणा) आणि ‘जीसी-एलबी’ (गाडीच्या बेअरिंग आणि चासीला चालणारं) ही अक्षरं बघा. आधी कोणतं ग्रीस भरलंय ते ठाऊक असेल तर त्याच जातीचं घ्या. लिथियम आणि पॉलियुरिया या दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की बरेचदा पातळ होऊन गळतात. १४ औंसाची दोन काडतुसं, म्हणजे गनमध्ये बसणाऱ्या ग्रीसच्या नळ्या, पुरेत. ग्रीस गनला लवचीक नळी हवीच, नाहीतर किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती) खालच्या निप्पलपर्यंत तोंड पोचत नाही. जाड पुठ्ठा, चष्मा, हातमोजे, तारेचा ब्रश, रंगाचा मार्कर आणि वाटतात त्याच्या दुप्पट चिंध्या.

गाडी सपाट काँक्रीटवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. गाडी समतल करायचे हायड्रॉलिक पाय आहेत, त्यांच्या भरवशावर खाली शिरू नका. ते त्यासाठी नाहीतच. अ‍ॅक्सल उचलायचा तर बाटली जॅकने उचला आणि वजन पेलणाऱ्या स्टँडवर टेकवा. उचलायचं कारण असं, की गाडीचा भार असताना किंगपिन एका अंगाला दाबलेली राहते आणि तिथे ग्रीस शिरत नाही.

पण ग्रीसच्या आधी तपासणी, आणि ती चाकं जमिनीवर असताना. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूला राहून टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा), ड्रॅग लिंक आणि पिटमन आर्म (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे) यांचे सांधे बघायचे. आमच्याकडे स्टिअरिंगवर बायको, बाजूला वाकून मी. “अहो, अजून किती?” तिसऱ्यांदा ऐकू येईपर्यंत बघतो. रॉड हलण्याआधी सांध्यातच नुसती हालचाल दिसली, तर तो सांधा गेला. ग्रीस भरून तो बरा होत नाही. रबरी टोपण फाटलंय का, नटातली कॉटर पिन (नट सुटू न देणारी दुमडलेली पिन) जागेवर आहे का, तेही तेव्हाच बघा.

मग स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद, किल्ली खिशात. वळवल्याशिवाय काही निप्पल दिसतच नाहीत. आमच्या गाडीला पुढे आठ आहेत: किंगपिनचे चार, टाय रॉडचे दोन, ड्रॅग लिंकचे दोन. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये आकडा बघून घ्या आणि झालेल्यावर मार्करचा ठिपका द्या. प्रत्येक निप्पल आधी पुसा. न पुसता गन लावली की वाळू थेट सांध्यात, आणि त्यापेक्षा ग्रीस न मारलेलं परवडलं.

किंगपिनला नवं ग्रीस कडेने डोकावेपर्यंत पंप करा. टाय रॉडचं टोपण जरा फुगलं की थांबा. एखादं निप्पल घेत नसेल तर जोर करू नका, गनच्या तोंडाशी बोट तर मुळीच नको. दाबाने ग्रीस कातडीखाली गेलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण तसंच इस्पितळ गाठावं लागतं. गेल्या वर्षी उजवी वरची किंगपिन अशीच हटून बसली. निप्पल काढलं तर आतली गोळी गंजून चिकटलेली. नवं बसवल्यावर आधी तांबूस पाणी आलं, मग काळं चिखलासारखं, मग कुठे लाल नवं ग्रीस.

मैलांचा आकडा वहीत लिहा. पन्नासेक मैल चालवल्यावर आणखी थोडं काळं बाहेर येतं. दोन चिंध्या त्यासाठी राखून ठेवा.